मला शिडी लागत नाही

३ एप्रिल, शनिवार

आजपासून रोजनिशी. कारण, बोट घेतली. म्हणजे अर्धी घेतली. उरलेली अर्धी मेहुण्याची. चोवीस फूट, एक डोलकाठी, दोन शिडं, आत दोन माणसं पाय मुडपून झोपतील एवढी खोली. कोणती अर्धी कोणाची हे ठरलेलं नाही, पण सुकाणू मागच्या टोकाला असतं आणि मी आधीच मागे जाऊन बसलो. विषय संपला.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. पाण्याच्या टाक्या विकतो. त्यामुळे पाण्यातलं आपल्याला कळतं असा त्याचा समज.

मी दातांचा डॉक्टर. एकोणतीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून उभा आहे. हात स्थिर, नजर बारीक, आवाज हुकमी. बोट चालवायला आणखी काय लागतं?

संकल्प : ९ मे रोजी आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं होतात. त्या दिवशी हिला बोटीतून समोरच्या दीपगृहाच्या बेटावर न्यायचं. ही म्हणाली, बाहेर जेवायला गेलो तरी चालेल. कल्पनाशक्ती म्हणून नाही.

४ एप्रिल, रविवार

क्लबवर गेलो. क्लब म्हणजे धक्क्यावरची एक पत्र्याची शेड, आत ओल्या दोऱ्यांचा वास आणि एक बाई. वय अडुसष्ट. आयुष्यभर फेरीबोट चालवली म्हणे. वरचे समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले. स्वतःचे दात ज्यांना ओळीत ठेवता आले नाहीत, त्या इथे सगळ्या बोटींना शिस्त लावतात.

नियम असा की पास असल्याशिवाय बोट बाहेर काढायची नाही. आणि पास मिळण्यासाठी काय करून दाखवायचं? शीड चढवणं? वारा ओळखणं? नाही. पाण्यात पडायचं आणि परत बोटीवर चढून दाखवायचं! आधी एकट्याने, मग दुसऱ्या पडलेल्याला वर घेऊन.

मी सांगितलं, मी पडणार नाही. बाई म्हणाल्या, ठरवून कोणीच पडत नाही. मी म्हणालो, मी ठरवून पडत नाही म्हणजे पडणारच नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मेहुणा छताकडे बघत होता.

११ एप्रिल, रविवार

परीक्षा. अंगावर कपडे, त्यावर फुगलेलं लाइफजॅकेट. बाई बोटीवर हाताची घडी घालून बसल्या.

धक्क्यावरून बघितला तर बोटीचा काठ अगदीच ठेंगणा. पाण्यातून बघितला तर तोच काठ डोक्याच्या वर हातभर. हा बोट बांधणाऱ्यांचा हलगर्जीपणा.

मागे एक घडीची शिडी आहे. पाण्यातून दोरी ओढली की उलगडून खाली येते. शेवटची पायरी पाण्याखाली जेमतेम वीतभर. तिच्यावर पाय ठेवायचा तर गुडघा हनुवटीपाशी आणावा लागतो. माझा गुडघा गेली दहा वर्षं त्या दिशेला गेलेला नाही. मेहुणा धक्क्यावरून ओरडला, "भाऊजी, मधे पोट येतंय." पोट नव्हे. लाइफजॅकेट.

बाईंचं म्हणणं, जे काय चढायचं ते पहिल्या दोन मिनिटांत. नंतर हात संपतात. मी म्हणालो, माझे हात रोज आठ तास काम करतात. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दाताचं वजन किती असतं?"

अकराव्या मिनिटाला मला दोरीने ओढत धक्क्याच्या उतारावर नेलं. तिथून मी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आलो. याची नोंद बाईंनी घेतली नाही.

१४ एप्रिल, बुधवार

विचारान्ती : दोष शिडीत आहे. शिडी ही मनाने खचलेल्या माणसांची सोय. खरा माणूस काठ धरतो आणि वर येतो. दंडांत ताकद हवी, बास.

क्लिनिकच्या दाराच्या चौकटीत लोंबकळायचा लोखंडी दांडा बसवून घेतला. दोन पेशंटच्या मधे पाच-पाच वेळा. एप्रिलअखेर वीस.

१५ एप्रिल, गुरुवार

दांडा चौकटीसकट आला. खुर्चीत एक गृहस्थ होते, तोंडात कापूस. ते कापसासकट उठून गेले. रिसेप्शनिस्ट म्हणाली, सर, लागलं का? मी म्हणालो, सुताराला फोन लाव. सुतार आला, चौकट बघून हसला. त्याच्या खालच्या दोन दाढा किडल्यात. मुद्दाम सांगितलं नाही.

रात्री ही कंबरेला मलम चोळत होती. दर गुरुवारी दुपारी क्लबवर जाणार म्हणाली. बाईंकडून गाठी शिकायच्यात. झाडांच्या कुंड्या टांगायला दोरीचे झोपाळे विणणार असेल. म्हटलं जा. तेवढीच बाईंना कंपनी. त्या वयात माणसं एकटी पडतात.

१८ एप्रिल, रविवार

जलतरण तलावावर सराव. पायऱ्यांचा वापर न करता कठड्यावरून बाहेर यायचं. तलावाचा कठडा पाण्याच्या वर चार बोटं. पहिल्याच प्रयत्नात छातीपर्यंत आलो. तिथे थांबलो. पुढे जाता येईना, मागे जाववेना. जीवरक्षकाने विचारलं, काका, ठीक आहात ना? मी म्हणालो, विश्रांती घेतोय. तो गेला नाही. बाजूला उभाच राहिला. माझी विश्रांती संपल्यावर त्याने मला काखेत धरून काढलं.

काका! पंचवीस वर्षांचा असेल. हिरड्या सुजलेल्या.

२२ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी ही क्लबवरून आली तेव्हा केस ओले. भर दुपारी न्हायली म्हणे. बायकांचं काही कळत नाही. कुंडीचा झोपाळा विचारला तर म्हणाली, अजून गाठच नीट जमत नाही. तीन तासांत एक गाठ जमत नाही, आणि मी हिला बेटावर नेणार. धीर धरायला हवा. शिकवायला हवं.

२५ एप्रिल, रविवार

दुसरी परीक्षा. या वेळी माझी स्वतःची पद्धत. बोटीच्या काठाला दोरीचा फास बांधून पाण्यात सोडला. फासात पाय ठेवायचा, उभं राहायचं, आत उतरायचं. इतकं साधं. इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही.

फासात पाय ठेवला. उभा राहिलो. पाय बोटीच्या खाली निघून गेला. मागोमाग दुसरा पाय. मी पाण्यावर उताणा, डोळ्यांसमोर आकाश. बाई वरून म्हणाल्या, ही पद्धत सगळ्यांनाच सुचते, आणि सगळ्यांचाच पाय बोटीखाली जातो. मग म्हणाल्या, शिडी आहे ना, ती वापरा. हळू. घाई न करता. आधी गुडघा टेकवा पायरीवर, पाय नको.

गुडघा! देवळात आल्यासारखा गुडघे टेकत बोटीवर येऊ?

निकाल तोच. मेहुण्यानेही आज परीक्षा दिली. गुडघा टेकून आला वर. चार मिनिटं लागली. वर येऊन उलटी केली. बाईंनी त्याला शाबासकी दिली, म्हणाल्या, पुढच्या वेळी तीन मिनिटांत या. ज्या देशात उलटी करणाऱ्याला शाबासकी मिळते तिथे आणखी काय बोलायचं.

२ मे, रविवार

परीक्षेला गेलो नाही. सर्दी. मेहुणा गेला, पास होऊन आला. फोनवर सांगताना अर्धा तास बोलला. त्यातली साडेतीन मिनिटं वर कसा आला यावर, बाकी बाईंनी काय म्हटलं यावर. मी रिसीव्हर टेबलावर ठेवून दाढी केली.

हीसुद्धा गेली होती सोबत. भावाला बघायला असेल. परत आल्यावर खूश दिसली. मी विचारलं नाही.

६ मे, गुरुवार

बोट साफ करायला एकटा गेलो. मागची शिडी हलते आणि खडखड करते. दिसतेही भयंकर, इमारतीला बाहेरून लावलेल्या पाइपासारखी. प्लास्टिकच्या आठ पट्ट्या ओढून घट्ट बांधून टाकली. आता आवाज नाही. मागून बोट काय देखणी दिसते!

९ मेचं ठरलं. पास नाही म्हणून मी लग्नाचा वाढदिवस पुढे ढकलणार नाही. रविवारी बाई आठला येतात. आम्ही साडेसहाला निघू. हिला सांगितलं, पासाचं मी बघून घेतो. ही फक्त म्हणाली, लाइफजॅकेट घालाल ना? म्हटलं, घालेन.

९ मे, रविवार, सकाळी ५.५०

आकाश स्वच्छ. वारा छान. चहा झाला. लाइफजॅकेट घेतलं आहे. बसायला चांगलं, मऊ लागतं.

९ मे, संध्याकाळ

आज लिहीत नाही. पाणी थंड होतं.

१० मे, सोमवार

क्लिनिक बंद. रिसेप्शनिस्टला सांगितलं, सरांना सर्दी. आता खरोखरच आहे.

शांत डोक्याने, जसं झालं तसं लिहितो.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं उत्तम. मी सुकाणूवर, ही समोर. डावीकडून एक बोट गेली. तिचं पुढचं शीड बिनइस्त्रीच्या शर्टासारखं चुरगळलेलं. हिला म्हटलं, बघ, याला म्हणतात अडाणी. दाखवायला उभा राहिलो. सुकाणू सुटलं असावं. बोट वळली. शिडाखालचा आडवा दांडा या बाजूकडून त्या बाजूला आला. मी मधे होतो.

पडलो असं म्हणता येणार नाही. ढकललो गेलो.

पाण्यातून वर आलो तेव्हा बोट खूप लांब होती. खरं तर चाळीस हात असेल. पण शिडाची बोट आपण थांब म्हटलं म्हणून थांबत नाही, आणि आत एकटी ही. कुंड्यांचे झोपाळे विणणारी. माझ्या मनात एकच आलं, हिला परत येता येणार नाही, ही समुद्रात कुठेतरी निघून जाईल, आणि माझ्यामुळे. मी मोठ्याने सूचना द्यायला लागलो. सुकाणू उजवीकडे! इंजिन लाव!

हिने इंजिन लावलं नाही. बोट वळवली, तरंगत्या दोरीला बांधलेलं रबरी कडं पाण्यात टाकलं आणि माझ्याभोवती गोल फिरली. दोरी आपोआप माझ्या हातात आली. मग शीड सोडून दिलं. बोट शेजारी येऊन उभी राहिली, टॅक्सी यावी तशी. मी पुन्हा ओरडलो, इंजिन का नाही लावलं? ही म्हणाली, "पंखा तुझ्या पायांशी आहे. तोंड बंद ठेव, पाणी जातंय."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे. आणि तोंड बंद ठेव! मला! एकोणतीस वर्षं मी लोकांना तोंड उघडायला सांगतो.

मग ही मागे गेली, शिडी खाली टाकायला. तिथे आठ पट्ट्या. तिने वाकून माझ्याकडे एकदा बघितलं. खिशातून चाकू काढला. हिच्या खिशात चाकू कधीपासून? एकेक पट्टी कापली. मला त्या वेळी आठ हा आकडा फार मोठा वाटला.

शिडी आली तेव्हा माझ्या हातांत काही उरलं नव्हतं. बोटं वळत नव्हती. गुडघा टेकवला. घसरलो. पुन्हा टेकवला. हनुवटी पायरीवर आपटली. खालचा एक दात हलतोय.

पाण्यातून बोटीचा काठ फार उंच दिसतो. हे ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळत नाही.

मी म्हणालो, जरा थांबतो. ही म्हणाली, थांबायचं नाही. तिने एक रुंद पट्टा माझ्या डोक्यावरून घालून काखेत अडकवला, शीड वर चढवायची दोरी त्याला जोडली आणि डोलकाठीवरची चरखी फिरवायला लागली. ही बावन्न किलो. मी चौऱ्याण्णव. चरखी टकटक टकटक करत होती आणि मी पाण्यातून सावकाश वर जात होतो. दोरीला पीळ पडून गोल फिरत होतो : दीपगृह, समुद्र, ही, दीपगृह, समुद्र, ही. पँट पाण्यातच राहिली.

वरून खाली येताना तिने पायाने मला आत ढकललं. फळीवर पडलो. एकूण सव्वीस मिनिटं. मी पूर्णवेळ मार्गदर्शन करत होतो, हे विसरून चालणार नाही.

तिने शिडाची पिशवी माझ्या अंगावर टाकली आणि पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय. म्हणालो, हस, हस. ती वळली. हसत नव्हती.

नंतर शीड चढवून तिनेच बोट परत आणली. मी पिशवीखालून काही सुचवलं नाही.

११ मे, मंगळवार

बाई घरी आल्या. वाटलं, आता दंड, निलंबन, भाषण. वकिलाचा नंबर काढून ठेवला होता.

बाईंनी चहा घेतला. माझ्या हनुवटीकडे बघितलं. मी म्हणालो, पासाबद्दल बोलायचं असेल तर मला पूर्ण कल्पना आहे की आम्ही विनापास गेलो. बाई म्हणाल्या, विनापास कुठे? बोटीवर एकाकडे पास असला की झालं. तुमच्या घरात आहे की.

हिने पर्समधून पास काढून टेबलावर ठेवला. तारीख २ मे. फोटोत केस ओले.

मी म्हणालो, मला सांगितलं का नाहीस? ही म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत."

पुन्हा अहो-जाहो. का कोण जाणे, तेही आवडलं नाही.

बाईंनी सांगितलं, वर घेण्याचा सराव हिने नऊ गुरुवारांचा दोनांत केला. माणसाच्या जागी पाण्याने भरलेली पिंपं असायची. मेहुण्याच्या दुकानातली. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मग त्या म्हणाल्या, पण पिंप आणि माणूस यात फरक पडतो. पिंप बडबड करत नाही.

दोघी हसल्या. मी दाताला बर्फ लावायला आत गेलो.

१५ मे, शनिवार

बाईंचा फोन, खास माझ्यासाठी. दर शनिवारी नव्या लोकांचा वर्ग असतो. अनुभवी माणूस हवाय. बाकीचे पाण्यात असले की नकळत हातपाय हलवतात, स्वतःच चढायला बघतात, त्यामुळे शिकणाऱ्याला खरा अंदाज येत नाही. तुमच्यासारखं कोणी नाही डॉक्टर, म्हणाल्या.

शेवटी कळलं त्यांना. मी म्हणालो, माझा शनिवार अत्यंत व्यग्र असतो, पण ज्ञान द्यायलाच हवं. अट एकच, सहप्रशिक्षक म्हणून ओळख करून द्यायची. बाई म्हणाल्या, हो हो.

मेहुण्याला कळवलं. तो बराच वेळ खोकत होता. सिगारेट सोड म्हणून सांगितलं.

२२ मे, शनिवार

पहिला वर्ग. सात विद्यार्थी. दोन कारकून, एक बेकरीवाला, एक नवराबायको, एक शाळामास्तर, एक निवृत्त नर्स. दातांची सरासरी वाईट.

बाईंनी ओळख करून दिली, "हे आपले डॉक्टर." सहप्रशिक्षक म्हणायचं राहून गेलं. पाण्यात उतरलो. त्यांनी मला एकेकाने वर काढलं. नर्सने सर्वांत झटपट, मला पलंगावरची चादर बदलावी तसं आत घेतलं. बेकरीवाल्याने दोनदा सोडलं. मधल्या वेळात मी लोंबकळत असताना पट्ट्याबद्दल चार महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. नोंदी कोणी केल्या नाहीत. शाळामास्तर म्हणाला, सर, जरा कमी हला.

वर्ग संपल्यावर अंग पुसत शेडमध्ये गेलो. बाई आणि ही बाहेर दोऱ्या वाळत घालत होत्या. भिंतीवर पुढच्या शनिवारची पाटी तयार होती. म्हटलं, माझं नाव कोणत्या हुद्द्यासमोर आहे बघू. वर 'प्रशिक्षक' असं लिहिलेलं, त्यापुढे दोन नावं. एक बाईंचं.

दुसरं हिचं.

खाली सामानाची यादी. दोर २. रबरी कडं १. पट्टा १. डॉक्टर १.

अक्षर सुरेख आहे. मी ते सव्वीस वर्षं किराणाच्या यादीवर वाचतो आहे.